गर्दी आपली, गर्दी त्यांची

२०२१ च्या फेब्रुवारीत अख्ख्या देशाचं लक्ष वऱ्हाडाकडे लागलं होतं, आणि कारण मिरवण्यासारखं नव्हतं. करोनाची पहिली लाट ओसरली म्हणून सगळे सुटकेचा श्वास घेत असताना अमरावतीत रुग्णांचे आकडे एकाएकी चढले. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर या शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळमध्येही निर्बंध कडक झाले. वाहिन्यांवर ‘अमरावती स्ट्रेन’ हा शब्द फिरू लागला. हे असं का झालं, याची उत्तरं प्रशासनाने, डॉक्टरांनी आणि वर्तमानपत्रांनी तेव्हाच दिली. लग्नसराईत माणसं जमली. १५ जानेवारीला राज्यातल्या बारा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं, त्याच्या आगेमागे प्रचार, गुलाल आणि पंगती झाल्या. मास्क तोंडावरून हनुवटीवर आणि तिथून खिशात गेला. विषाणूनेही बहुधा रूप बदललं असावं. तेल्हाऱ्यापासून परतवाड्यापर्यंत, सातपुड्याच्या पायथ्याशी त्या हिवाळ्यात दोन-चार लग्नं जेवलेल्या कोणालाही ही कारणं पटण्यासारखी होती. बेफिकिरी झाली हे सगळ्यांनी मान्य केलं. पण वधूपित्याने मुद्दाम रोग पसरवला, किंवा सरपंचपदाच्या उमेदवाराने गावावर विषाणू सोडला, असं कोणी म्हटलं नाही.

त्याच्या दहा महिने आधी, २०२० च्या एप्रिलमध्ये, याच वऱ्हाडात आणि याच मोबाइलांवर गर्दीबद्दल बोलण्याची रीत अगदी वेगळी होती. अकोला जिल्ह्यातला पहिला रुग्ण ७ एप्रिलला अकोला शहरातल्या बैदपुरा मोहल्ल्यात सापडला. तोवर दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या तबलिगी जमात या मुस्लीम धर्मप्रचारक संघटनेच्या मरकजमध्ये, म्हणजे केंद्रात, जमलेल्या गर्दीत संसर्ग पसरल्याची बातमी येऊन आठवडा झाला होता आणि ‘करोना जिहाद’ हा शब्द देशभर पोचला होता. ‘इक्वॅलिटी लॅब्ज’ या संस्थेच्या मोजणीनुसार २८ मार्चनंतरच्या जेमतेम आठवडाभरात हा हॅशटॅग ट्विटरवर सुमारे तीन लाख वेळा वापरला गेला आणि साडेसोळा कोटी लोकांच्या नजरेखालून जाऊ शकेल इतका पसरला. मला या दोन प्रसंगांतल्या फरकाविषयी लिहायचं आहे. गर्दी दोन्हीकडे होती, निष्काळजीपणा दोन्हीकडे होता, संसर्गही दोन्हीकडे झाला. आपल्या गर्दीचं आपण कारण शोधलं. त्यांच्या गर्दीचा हेतू शोधला. हा फरक वैद्यकशास्त्रातून येत नाही. तो साथ येण्याआधीच मनात असतो, साथ त्याला फक्त वाट करून देते. ही वाट भारतात कशी आखली गेली, तिच्यावरून आधी कोणाकोणाला हाकललं गेलं, हे पाहिलं की २०२० मधलं नवं काय आणि जुनं काय ते नीट वेगळं काढता येतं.

‘करोना जिहाद’ गावापर्यंत कसा पोचला हे पाहायला अकोला जिल्ह्यातलं तेल्हारा हे बरं ठाण आहे, कारण इथे काही विशेष घडलं म्हणून त्याचं नाव कोणी घेत नाही. पूर्वी अकोट तालुक्यात असलेलं आणि नंतर स्वतः तालुका झालेलं हे गाव. भोवती कापूस, वाण नदीच्या पाण्यावरची केळी, दानापूर-हिवरखेडकडचे पानमळे. निजामुद्दीन इथून हजारभर किलोमीटर दूर. गावात ट्विटरवर असणारी माणसं मूठभरच. पण तालुक्याच्या गावातला व्हॉट्सॲप ग्रुप हा वेगळा प्रकार आहे. त्यावर कापसाचे भाव येतात, वीज जाण्याची वेळ येते, कोणाच्या तेरवीचा निरोप येतो, नगरपालिकेच्या नळाची सूचना येते. पाठवणारा अनोळखी नसतो: तो शाळेतला सर असतो, कृषी केंद्राचा मालक असतो, चुलत मेहुणा असतो. तेरवीचा निरोप खरा निघतो, भाव खरे निघतात, म्हणून त्यांच्या पाठोपाठ आलेला व्हिडिओही खराच धरला जातो. दिल्लीत किंवा बंगळूरात कोणीतरी रचलेला मजकूर गावात येताना ओळखीच्या माणसाचं नाव घेऊन येतो. वर्तमानपत्राला संपादक असतो, त्याला जाब विचारता येतो; इथे जाब विचारायचा तर सोयऱ्याशी वाकडं घ्यावं लागतं. योगायोग असा, की बैदपुऱ्यात पहिला रुग्ण सापडला त्याच दिवशी, ७ एप्रिलला, व्हॉट्सॲपने वारंवार पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं. त्याच महिन्याच्या अखेरीस अशा संदेशांत सत्तर टक्के घट झाल्याचं कंपनीने सांगितलं. म्हणजे पाइपाचं तोंड लहान करता येत होतं. पण तोवर पाणी घरात शिरलं होतं.

आता थोडं मागे जाऊ. यात्रेकरू रोग पसरवतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली, आणि तिचा पहिला निशाणा एकच धर्म नव्हता. १८६५ मध्ये मक्केत हजच्या वेळी पटकीने हजारो माणसं मेली आणि तिथून तो रोग युरोपात पोचला. पुढच्याच वर्षी कॉन्स्टॅन्टिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानातून निघणारा हाजी हा जगाच्या आरोग्याचा प्रश्न ठरला. १८६७ च्या हरिद्वार कुंभानंतर पटकीची साथ पसरली, तेव्हा हिंदू यात्रेकरूही त्याच पिंजऱ्यात उभा केला गेला. डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर या सनदी अधिकाऱ्याने १८७२ च्या ओरिसावरच्या ग्रंथात जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंचं वर्णन करताना, या कळकट जमावामुळे उद्या लंडन-व्हिएन्नातली हजारो गुणी माणसं मरतील अशी भीती घातली होती. १८९२ मध्ये हरिद्वारला जमलेली यात्रा सरकारने उधळून लावली. जत्रांच्या दिवसांत त्या बाजूची रेल्वे तिकिटं बंद करणं हा पुढे नेहमीचा उपाय झाला आणि पंढरपूरची वारी त्यातून सुटली नाही. साहेबाच्या नजरेत हाजी आणि वारकरी एकाच माळेचे मणी होते: अडाणी, अस्वच्छ, धर्माच्या नादाने जिवावर उदार आणि दुसऱ्याच्याही जिवावर उठलेले. पंढरीला पायी जाणाऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाने जमातीच्या गर्दीबद्दल बोलताना, आपल्या पणजोबाबद्दलही सरकारी कागदांत जवळपास हेच शब्द लिहिले गेले होते, एवढं तरी माहीत असावं.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० ला जो कायदा लागू केला तो हाच. १८९७ मध्येच हाजींची जहाजंही थांबवली गेली. या कायद्याने सरकारला घरात शिरण्याचा, माणूस उचलून नेण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार दिला. पुण्यात रँडच्या कारभाराने त्याचं काय केलं ते मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते हे, की प्लेगच्या काळातल्या सक्तीला विरोध करणाऱ्यांत सगळेच होते. कायदा होण्याआधीच, २९ ऑक्टोबर १८९६ ला, सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्याजवळ एका आजारी मुलीच्या तपासणीवरून जुलाहे, म्हणजे मुसलमान विणकर, आणि प्लेगचं पथक यांच्यात ठिणगी पडली आणि दंगल उसळली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, बाईमाणसाला परका पुरुष हात लावतो, मेल्यावर आपल्या रितीने मूठमाती की अग्नी मिळत नाही, ही भीती चाळीतल्या हिंदूची आणि मोहल्ल्यातल्या मुसलमानाची एकच होती. म्हणून २०२० मध्ये आरोग्य पथकाला अडवणाऱ्यांकडे पाहून ‘हे यांच्या रक्तातच आहे’ असं जेव्हा लिहिलं गेलं, तेव्हा लिहिणाऱ्याने प्लेगचा सगळा इतिहास पुसून टाकला होता. सरकारी डॉक्टरबद्दलचा अविश्वास धर्मातून येत नाही. वर्दी आणि दवाखाना एकाच दारातून घरात शिरतात तेव्हा तो येतो.

मग १९१८. इन्फ्लुएंझाने देशात सर्वाधिक मृत्युदर गाठलेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत व वऱ्हाड होता. वऱ्हाडातल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी पाहिल्या तर त्या साली एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन नावं गळालेली आढळतात. कोणाचं काय झालं याचा धर्म-जातीनिहाय हिशेब मुंबई शहराचा उपलब्ध आहे आणि तो डोळे उघडणारा आहे. दर हजारी मृत्यू असे: युरोपीय ८.३, पारशी ९, हिंदू सवर्ण १८.९, मुसलमान १९.२, आणि सरकारी भाषेत ‘खालच्या जातीचे हिंदू’ ६१.६. सवर्ण हिंदू आणि मुसलमान यांच्यात दशांशाचा फरक; दलितांचा आकडा मात्र तिपटीहून जास्त. रोग धर्म पाहत नाही हे वाक्य आपण भाबडेपणाने म्हणतो, पण या तक्त्यातून जास्त टोकदार गोष्ट दिसते. रोग खोलीत किती माणसं झोपतात, पाणी किती लांबून आणावं लागतं आणि ताप असताना कामावर न जाण्याची ऐपत आहे की नाही, हे पाहतो. बैदपुऱ्यात, मालेगावात, धारावीत २०२० मध्ये रुग्ण का वाढले, याचं उत्तर १९१८ च्या या पाच आकड्यांत आधीच लिहून ठेवलेलं होतं. ते काढून वाचण्याऐवजी मोहल्ला हा शब्द पुरेसा मानला गेला.

मरकजच्या आकड्यांकडे वळतो, कारण सुशिक्षित माणसाचा आक्षेप तिथून सुरू होतो. तो म्हणतो, पूर्वग्रहाचं राहू द्या, सरकारी आकडेवारीचं काय? १८ एप्रिल २०२० ला आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे २९.८ टक्के, एकाच घटनेशी जोडलेले आहेत. आकडा खोटा नव्हता. पण तो कसा तयार झाला ते पाहावं लागेल. मार्चअखेरपर्यंत सव्वाशे कोटींच्या वर लोकसंख्येच्या या देशात चाचण्या झाल्या होत्या त्रेचाळीस हजारांच्या आसपास. चाचणी कोणाची करायची याचे निकष आवळलेले होते: परदेशातून आलेला, त्याच्या संपर्कातला, किंवा गंभीर श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल झालेला. अशा टंचाईत एका गटाची माणसं राज्याराज्यांतून नावानिशी शोधून काढली, त्यांच्या संपर्कातले शोधले आणि त्यांची चाचणी केली, तर एकूण रुग्णांत त्यांचा वाटा मोठा दिसणारच. शोध घेणं योग्यच होतं. साथीत तसंच करायचं असतं. चूक पुढची होती. रोज संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत या गटाचा आकडा वेगळा काढून सांगितला जाऊ लागला. परदेशवारी करून आलेल्यांचा, विमानतळावरून थेट घरी गेलेल्यांचा असा रोजचा वेगळा रकाना कोणी मांडला नाही. जिथे कंदील धरला तिथेच हरवलेली वस्तू सापडते, आणि मग ती तिथेच हरवली होती असं वाटू लागतं.

याहून मोठा आक्षेप असा की मरकजने चूक केली नव्हती का? केली होती. मार्चच्या मध्यावर जगभर साथ पसरत असताना हजारो माणसांना एका इमारतीत ठेवणं हा बेजबाबदारपणाच होता, आणि तो टाळता आला असता याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे: वसईला त्याच सुमारास ठरलेल्या तबलिगी इज्तेमाची, म्हणजे मेळाव्याची, आधी दिलेली परवानगी पोलिसांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात रद्द केली आणि तो झाला नाही. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी नंतर केंद्राला विचारलेला सवाल, आम्ही वसईत नाकारलं ते दिल्लीत कसं चाललं, राजकीय होता तरी रास्त होता. पण या सवालाचा रोख कोणाकडे जातो ते बघा: आयोजकांकडे आणि परवानगीच्या यंत्रणेकडे. १३ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे अधिकारीच ही आरोग्य आणीबाणी नाही असं सांगत होते, आणि टाळेबंदी लागली ती चार तासांच्या सूचनेवर. जबाबदारी ठरवायची तर ती माणसांची आणि कार्यालयांची ठरते. अकोटच्या बाजारात हातगाडी लावणाऱ्या बागवानाचा, तेल्हाऱ्यातल्या गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याचा किंवा बांगड्या विकणाऱ्या मण्याराचा त्या खटल्याशी संबंध येतो कुठून? तो केवळ नावातून येतो. त्या एप्रिलमध्ये देशभर ‘यांच्याकडून भाजी घेऊ नका’ हे संदेश फिरले, त्यांनी नेमका हा संबंध जोडून दिला.

आणि इंदूरमध्ये १ एप्रिलला आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगडफेक झाली ती? झाली, आणि ती निंद्यच होती. पण १२ एप्रिलला पंजाबात पटियाळ्याला निहंगांच्या टोळक्याने संचारबंदीचा पास मागणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा हात तलवारीने तोडला. देशाने त्या टोळक्याचा निषेध केला. शीख समाजाला कोणी जाब विचारला नाही, आणि विचारला असता तर ते लाजिरवाणं ठरलं असतं. गुन्ह्याचा गुन्हेगाराशी हिशेब करण्याची रीत आपल्याला येत नाही असं नाही. ती आपण एका ठिकाणी वापरतो आणि दुसऱ्या ठिकाणी गुंडाळून ठेवतो.

त्या दिवसांतला एक व्हिडिओ जवळून पाहण्यासारखा आहे. पोलिसांच्या गाडीत बसलेला एक तरुण समोरच्या पोलिसावर थुंकतो, मग झटापट होते. खाली मजकूर: विलगीकरणात नेताना दिल्लीत जमातीचा माणूस पोलिसांवर थुंकला. प्रत्यक्षात चित्रण मुंबई-ठाणे परिसरातलं, फेब्रुवारीच्या अखेरचं, मरकजच्या बातमीच्या महिनाभर आधीचं. गाडीत होता तो न्यायालयात आणलेला कच्चा कैदी, आणि भांडण होतं ते घरून आलेला डबा खाऊ न दिल्याचं. पडताळणी करणाऱ्या संकेतस्थळांनी हे दोन दिवसांत उघड केलं. तरी तो व्हिडिओ महाराष्ट्रातही दिल्लीचा म्हणून फिरला. दुसऱ्या एका व्हिडिओत बोहरा मंडळी ताटं चाटून पुसताना दिसत. अन्नाचा कणही वाया घालवायचा नाही ही त्यांची रीत आणि चित्रण २०१८ चं, पण ते रोग पसरवण्याची तालीम म्हणून दाखवलं गेलं. पानात टाकू नये हा संस्कार ज्या घरांत आजीने शिकवला तिथेही हा व्हिडिओ किळस येऊन पुढे पाठवला गेला. खोटं बोलणाऱ्याला फार कष्ट पडले नाहीत. चित्र खरंच होतं, फक्त तारीख आणि गाव बदलायचं होतं, बाकीचं काम पाहणाऱ्याच्या मनाने केलं.

मुसलमान नसलेल्या ठिकाणीही तो शोधला गेला, हे याहून बोलकं. १६ एप्रिलच्या रात्री पालघरमध्ये गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठेचून मारलं. मुलं पळवणारे फिरत आहेत, या अफवेने त्या भागात आधीच रात्रीचे पहारे लागलेले होते. म्हणजे ही हत्याही मोबाइलवरच्या खोट्या भीतीतून झाली होती. पण बातमी पसरताच तिला धर्माचा रंग देण्यात आला. २२ एप्रिलला गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असं सांगावं लागलं. राज्याच्या गृहमंत्र्याने आरोपींची धर्मवार तपासणी करून ती लोकांपुढे ठेवावी, ही वेळ का यावी? ज्या अफवेने तिघांचा जीव घेतला तिच्यावर बोलायचं सोडून तिसऱ्याच समाजावर बोललं जात होतं, म्हणून.

काहींचं म्हणणं असतं की हे सगळं शहरी टोळ्यांचं काम. आपल्या वऱ्हाडात माणूस माणसाला धरून आहे. याला आधार नाही असं नाही. अकोटचे नरसिंग महाराज कोतशा अली या फकिराचे शिष्य होते असं दासगणूंनी गजानन महाराजांच्या पोथीतच सांगितलं आहे, आणि ती पोथी शेगावच्या परिसरातल्या घराघरांत पारायणाला असते. पण पोथी आणि मोबाइल एकाच देवघरासमोर एकाच हातात असू शकतात, हे २०२० ने दाखवलं. जुनी सरमिसळ ही बाजारातली, बांधावरची, जत्रेतली होती. तिला रोजच्या भेटीचा आधार लागे. टाळेबंदीने नेमकी भेटच बंद केली. केळीचा बागवान, गाडीवाला, शिंपी हे दाराशी यायचे थांबले आणि त्यांच्या जागी त्यांच्याबद्दलचे व्हिडिओ आले. समाजमाध्यम हा नुसता आरसा आहे हा बचावही इथे लंगडा पडतो. आरशात समोर असतं तेच दिसतं. इथे समोर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाच्या जागी हजार किलोमीटर दूरचा अनोळखी चेहरा बसवला गेला.

अशा ठपक्याने साथ आटोक्यात येत नाही, उलट पसरते, हे सांगायला विदर्भाला बाहेरचा दाखला नको. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढल्याने रोग गेला नव्हता. रोगी डाग झाकून गावातच राहिला. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन आणि बाबा आमटे यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारलं, त्यात औषधाइतकंच मोल रोग्याला लपावं लागू नये याला होतं. करोनातही शास्त्र हेच सांगत होतं: ज्याला चाचणीनंतर आपलं नाव-गाव ग्रुपवर फिरण्याची धास्ती आहे तो ताप लपवतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ एप्रिलला कोणत्याही समाजावर वा वस्तीवर शिक्का मारू नका असं पत्रक काढलं ते याच कारणासाठी. पत्रक चांगलं होतं. पण रोजच्या पत्रकार परिषदेतला तो वेगळा आकडा त्यानंतरही दहा दिवस सांगितला जात होता. अमेरिकेत १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगच्या संशयावरून चिनी वस्तीभोवती नाकाबंदी केली, तेव्हा दोर चिन्यांच्या घरांभोवती फिरवून मधल्या गोऱ्यांची घरं वगळली होती. तिथल्या न्यायालयाने ती रद्द केली. संसर्गाला असं वळण घेता येत नाही, हा साधा तर्क त्यामागे होता.

आपल्याकडेही न्यायालय बोललं, आणि ते महाराष्ट्रातलंच होतं. अहमदनगर जिल्ह्यात मशिदींत राहिलेल्या आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांच्या २९ जणांवरचे आणि त्यांना ठेवून घेणाऱ्या काही भारतीयांवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी लिहिलं की आपत्तीत राजकीय सत्ता बळीचा बकरा शोधते आणि या परदेशी लोकांची तशी निवड झाल्याचं दिसतं. माध्यमांतल्या प्रचारावरही त्यांनी कोरडे ओढले. खंडपीठातले दुसरे न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर निकालाशी सहमत होते, पण काही निरीक्षणांशी आपण सहमत नाही हे त्यांनी वेगळं नोंदवलं. ते लपवण्याचं कारण नाही, कारण गुन्हे टिकत नाहीत यावर दोघांचं एकमत होतं. महिन्याभराने, २१ सप्टेंबरला, नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ जणांवरचा खटला रद्द केला. त्यांच्या चाचण्या निगेटिव्ह आलेल्या होत्या. या निकालांत राज्यकर्त्यांना अवघडवणारी एक गोष्ट आहे. हे गुन्हे महाराष्ट्राच्या पोलिसांनी नोंदवलेले होते, आणि त्याच राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी, उद्धव ठाकरे यांनी, ४ एप्रिलला जाहीरपणे बजावलं होतं की करोनासारखाच दुहीचाही एक विषाणू आहे आणि तो पसरवणाऱ्यांची गय करणार नाही. राज्याच्या सायबर विभागाने द्वेषाच्या संदेशांवर गुन्हे नोंदवलेही. एक हात अफवा थांबवत होता आणि दुसरा अफवेला आरोपपत्र पुरवत होता. १८९७ चा कायदा वरून खाली चालत असे. २०२० मध्ये संशय गावागावांतून वर चढला आणि ठाण्यात जाऊन त्याला कलमं लागली. नवं काही असेल तर ते हे.

अकोल्याची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जरा सावधपणे. मे २०२० मध्ये करोनाने दगावलेल्यांच्या अंगाला हात लावायला घरची माणसं भीत होती, तेव्हा शहरातल्या कच्छी मेमन जमातच्या कार्यकर्त्यांनी महापालिकेबरोबर काम करून मृतांचे अंत्यसंस्कार केले, त्यात हिंदू मृतांचेही, चितेला अग्नी देण्यासकट. ही बातमी देशभर गेली आणि तिचं कौतुक झालं. कौतुक योग्यच. पण ज्या वेगाने ती ‘बघा, असेही मुसलमान असतात’ म्हणून पाठवली गेली त्यात मला तोच जुना हिशेब दिसतो. एका गावात थुंकल्याच्या खोट्या व्हिडिओने सगळे दोषी ठरतात आणि दुसऱ्या गावात प्रेताला खांदा दिल्याने काही जण सुटतात. कच्छी मेमन व्यापारी अकोल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. निर्दोष ठरण्यासाठी त्यांना कोणाची चिता पेटवून दाखवण्याची गरज पडू नये. लग्नात मास्क न लावणाऱ्या आपल्या पाहुण्याकडे आपण असा कोणताच दाखला मागितला नाही.

आपल्यावरच वेळ आली तेव्हा शिक्का म्हणजे काय ते आपल्याला चटकन कळलं. २०२१ च्या मे महिन्यात जग ‘इंडियन व्हेरियंट’ म्हणू लागलं, तेव्हा केंद्र सरकारने तो शब्द वापरणारा मजकूर काढून टाकायला समाजमाध्यमांना सांगितलं. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या प्रकारांना ग्रीक अक्षरं दिली ती याचसाठी, की देशाच्या नावाने रोग ओळखला जाऊ नये. तो झाला डेल्टा. ‘करोना जिहाद’ला असं दुसरं नाव कोणी दिलं नाही, आणि मरकजचे खटले चालूच राहिले. १७ जुलै २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सत्तर भारतीयांवरची सोळा प्रकरणं रद्द केली. त्यांचा गुन्हा इतकाच होता, की टाळेबंदीत अडकलेल्या परदेशी तबलिगींना त्यांनी राहायला जागा दिली. कोणी रोग पसरवल्याचा पुरावा नव्हता. सगळं बंद झाल्यावर ती माणसं बाहेर पडून जाणार तरी कुठे होती, हा प्रश्न न्यायालयाने पाच वर्षांनंतर विचारला.